सारा गुडरिज : तळहाताएवढ्या हस्तिदंतावर स्वतःचा चेहरा

अबोली (धागाकर्ती)

गेल्या रविवारी मी जाड कागदावर 9.5 सेंटिमीटर उंच आणि 6.7 सेंटिमीटर रुंद असा आयत आखला, कापून घेतला आणि तळहातावर ठेवला. बोटे मिटली की तो जवळजवळ झाकला जात होता. सारा गुडरिज या अमेरिकन चित्रकर्तीने 1830 साली एवढ्याच आकाराच्या हस्तिदंताच्या पापुद्र्यावर जलरंगांत स्वतःचा चेहरा रंगवला. ते चित्र आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. पडद्यावर आपण ते हवे तेवढे मोठे करून पाहतो आणि त्यामुळेच त्याचा खरा आकार विसरतो. मापाचा कागद हातात धरल्यावर मला उमगले की हा चेहरा भिंतीवर टांगण्यासाठी रंगवलेलाच नाही. एका वेळी एकाच माणसाने हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहावा, असा तो आहे.

साराचा जन्म 5 फेब्रुवारी 1788 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या टेम्पलटन या गावी झाला. मॅसॅच्युसेट्स ही ब्रिटिशांची वसाहत होती तो काळ नुकताच सरला होता. 1783 च्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य होऊन पाच वर्षे झाली होती, पण मुलीने किती आणि काय शिकावे याबद्दलच्या समजुती जुन्याच होत्या. सारा गावातल्या शाळेत गेली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण तिला जवळजवळ मिळालेच नाही, आणि कागद परवडत नसल्यामुळे ती भूर्जवृक्षाच्या सालीवर माणसांची चित्रे काढीत असे. आपल्याकडे काश्मिरात ज्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातल्या झाडाची ही साल. हा तपशील वाचून मी बराच वेळ थांबले होते. ज्या मुलीला सालीचा गुळगुळीत, किंचित पिवळसर पृष्ठभाग लहानपणापासून हाताखालचा होता, तिला पुढे हस्तिदंत परका वाटला नसेल, असे मला वाटते.

1820 साली ती बॉस्टनला बहिणीकडे राहायला आली आणि तिथे तिला गिल्बर्ट स्टुअर्ट यांचे मार्गदर्शन लाभले. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जो चेहरा आपण पाहतो, तो याच स्टुअर्ट यांच्या चित्रावरून घेतलेला आहे. ते स्वतः मोठ्या आकाराची तैलचित्रे करणारे चित्रकार होते, लघुचित्रकार नव्हते. त्यामुळे सारा त्यांच्याकडून मुख्यतः शिकली ते माणसाचा चेहरा कसा पाहावा हे, असे मला वाटते. 1825 साली तिने स्टुअर्ट यांचेच लघुचित्र काढले. त्याआधी दुसऱ्या एका चित्रकाराने काढलेले स्वतःचे चित्र त्यांना मुळीच आवडले नव्हते, आपण त्यात मूर्ख दिसतो अशी त्यांची तक्रार होती, आणि म्हणून त्यांनी हे काम आपल्या शिष्येकडे सोपवले. ज्या गुरूला आपला चेहरा कोणाकडून काढून घ्यावा याची निवड करता येत होती, त्याने साराची निवड केली, याहून मोठे प्रशस्तिपत्र तिला त्या काळी मिळणे शक्य नव्हते.

पुढची जवळजवळ तीस वर्षे ती बॉस्टनमध्ये स्वतःच्या कुंचल्यावर जगली. तिने लग्न केले नाही. आईचा सांभाळ केला, घरच्यांना आधार दिला, बॉस्टनमधल्या प्रदर्शनांत चित्रे मांडली आणि धाकटी बहीण एलायझा हीदेखील लघुचित्रकार झाली. आज आपण याला ‘करिअर’ म्हणून मोकळे होतो, पण स्त्रीने स्वतःच्या नावावर गिऱ्हाईक घ्यावे, त्याला समोर बसवून तासन्‌तास त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि त्याचे पैसे मागावेत, ही गोष्ट त्या समाजात साधी नव्हती.

आता त्या चेहऱ्याविषयी. 1830 साली सारा बेचाळीस वर्षांची होती. चित्रातली बाई थेट आपल्याकडे पाहते. स्वतःला तरुण किंवा मोहक करून दाखवण्याचा प्रयत्न तिने केलेला नाही. लघुचित्र हा मुळात लाडाचा प्रकार होता. वाग्दत्त वधूचे, परदेशी निघालेल्या मुलाचे, गमावलेल्या बाळाचे चित्र लॉकेटमध्ये घालून गळ्यात बाळगायचे, आणि त्यामुळे अशा चित्रांत चेहरा थोडा गोड करण्याची रीतच होती. दुसऱ्यांसाठी तिनेही ती कधी ना कधी पाळली असणार. स्वतःच्या बाबतीत मात्र तिने ती सवलत घेतली नाही, आणि हे चित्र मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते ते यासाठी.

मात्र महाजालावर सारा गुडरिज हे नाव शोधले की हे चित्र क्वचितच पुढे येते. पुढे येते ते तिचे 1828 सालचे ‘ब्यूटी रिव्हील्ड’, म्हणजे ‘प्रकट सौंदर्य’. पत्त्यांच्या पानाएवढ्या, 6.7 बाय 8 सेंटिमीटरांच्या त्या हस्तिदंतावर पांढऱ्या वस्त्राच्या वलयात केवळ दोन उघडे स्तन रंगवलेले आहेत. चेहरा नाही, हात नाहीत. हे तिने स्वतःचेच चित्र काढले असे मानले जाते, आणि ते तिने मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डॅनिएल वेबस्टर यांना पाठवले होते. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चित्र विलक्षण आहे, याबद्दल वाद नाही. परंतु एका कष्टाळू, नामवंत, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या चित्रकर्तीची सगळी ओळख त्या एका चित्रावर आणि एका पुरुषाच्या नावावर येऊन थांबावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते, ते अवश्य लिहावे.

---

जुनी_पाने

अबोलीताई, लेख अतिशय आवडला. आपण साराच्या जन्माच्या वेळी वसाहतकाळ नुकताच सरला होता असे लिहिले आहे, तेव्हा प्रत्यक्ष वसाहतकाळातल्या तिच्या दोन पूर्वसुरींची आठवण इथे नोंदवावीशी वाटते, कारण त्यांच्याशिवाय साराची वाट कुठून आली हे नीट कळत नाही.

पहिली हेन्रिएटा जॉन्स्टन. ती 1708 साली पती गिडियन जॉन्स्टन यांच्यासोबत दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला आली. तो धर्मोपदेशक होता आणि त्याचा पगार कधीच वेळेवर येत नसे. हेन्रिएटा रंगीत खडूंनी, म्हणजे पेस्टलने, गावातल्या प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रे काढून घर चालवू लागली. बायको चित्रे काढून हातभार लावते म्हणून आपण तग धरून आहोत, नाहीतर जगणे कठीण होते, असे नवऱ्याने स्वतःच आपल्या वरिष्ठांना 1709 साली लिहून कळवले आहे. अमेरिकन वसाहतींतली व्यवसाय करणारी पहिली स्त्री चित्रकार म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि तिच्या व्यवसायाचा पुरावा म्हणून आपल्याकडे आहे ते नवऱ्याच्या हलाखीचे पत्र.

दुसरी मेरी रॉबर्ट्स, तीही चार्ल्सटनचीच. हिचा पती बिशप रॉबर्ट्स (बिशप हे त्याचे नाव, पद नव्हे) चित्रकार होता. त्याच्या निधनानंतर, 1740 साली, तिने तिथल्या वर्तमानपत्रात आपण व्यक्तिचित्रे उत्तम करून देतो अशी जाहिरात दिली. हस्तिदंतावर लघुचित्रे काढणारी वसाहतींतली ती पहिली ज्ञात स्त्री. तिची मोजकीच चित्रे उरली आहेत, आणि त्यांवर ‘एम’ आणि ‘आर’ एवढी दोनच अक्षरे सही म्हणून आहेत. ती 1761 साली वारली.

या दोघींनी शेकडो तास दुसऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, पण त्या स्वतः कशा दिसत होत्या हे आपल्यापुढे आणणारे त्यांच्या हातचे चित्र नाही. म्हणून साराचा 1830 चा चेहरा मला अधिक मोलाचा वाटतो.

---

कुंचला

मी गेली बारा वर्षे राजस्थानी पद्धतीची लघुचित्रे शिकते आणि काढते, त्यामुळे या विषयावर हाताच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

आपल्या लघुचित्रात आपण वसली वापरतो. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून, गुळगुळीत दगडाने घोटून ती तयार होते आणि ती रंग थोडा तरी शोषून घेते. हस्तिदंत काहीच शोषत नाही. त्यावर पाणीदार रंगाचा थेंब ठेवला तर तो पसरतो किंवा गोळा होऊन बसतो. त्यात हस्तिदंताला नैसर्गिक तेलकटपणा असतो. म्हणून तो पातळ काप आधी घासून खरखरीत करीत, त्यातले तेल काढीत, उन्हात ठेवून त्याचा पिवळेपणा कमी करीत आणि रंगात बाभळीच्या जातीचा डिंक अधिक घालीत. एवढे करूनही सलग फटकारा मारता येत नाही. बारीक ठिपक्यांनी आणि केसाएवढ्या रेघांनी रंग बांधत न्यावा लागतो. आपल्याकडे याच कामाला परदाज म्हणतात. पहिला थर पूर्ण वाळण्याआधी त्यावर दुसरा दिला की खालचा सुटून येतो आणि दोन दिवसांचे काम पुसावे लागते.

मग इतका त्रास कशासाठी? कारण तो काप इतका पातळ असतो की प्रकाश त्यात शिरतो आणि आतून परततो. गालाच्या ठिकाणी रंग अगदी विरळ ठेवला की मागचा हस्तिदंतच त्वचेसारखा उजळतो. म्हणजे त्वचा रंगवायची कमी आणि राखायची जास्त. मला हस्तिदंतावर काम करण्याचा अनुभव अर्थातच नाही आणि तो नसावाच, पण एका कार्यशाळेत पांढऱ्या, घासलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आम्हाला याच पद्धतीने डोळा काढायला सांगितले होते. तीन तासांत मला एक पापणी जमली.

हे लक्षात घेऊन अबोलीताईंनी दिलेली दोन्ही चित्रे पाहा. ‘प्रकट सौंदर्य’मध्ये रंगछटांचा जो मऊ उतार आहे, गुलाबी रंग करडा होत होत वस्त्राच्या सावलीत मिसळतो, तो या माध्यमातला फार अवघड भाग आहे. त्यात तिने एक लहानसा तीळही ठेवला आहे. कुंचल्याच्या एका टोकाचे काम, पण त्याने ते शरीर कोणत्याही सुंदरीचे न राहता एका विशिष्ट बाईचे होते. चेहऱ्याच्या चित्रात तिने स्वतःला जी सवलत दिली नाही असे आपण म्हणता, ती इथेही घेतलेली नाही.

---

शमी

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो.

वेबस्टर यांचे नाव बाजूला सारून 1828 चे चित्र समजून घेता येणार नाही, असे मला वाटते. वेबस्टर यांची पहिली पत्नी ग्रेस जानेवारी 1828 मध्ये वारली, आणि चित्र त्याच वर्षीचे आहे. वेबस्टर यांनी साराला 1827 ते 1851 या काळात लिहिलेली 44 पत्रे उपलब्ध आहेत, आणि सुरुवातीचे औपचारिक संबोधन पुढे जिव्हाळ्याच्या मैत्रीपर्यंत येते. सारा क्वचितच बॉस्टन सोडून जात असे. ती वॉशिंग्टनला गेली ती दोनदा, 1828 मध्ये आणि 1841-42 मध्ये, आणि दोन्ही वेळा वेबस्टर एकटे होते, आधी विधुर म्हणून आणि नंतर दुसऱ्या पत्नीपासून दूर राहत असताना. तिने त्यांची बारा-पंधरा तरी व्यक्तिचित्रे काढली. वेबस्टर यांनी 1829 अखेरीस न्यूयॉर्कमधल्या सधन घरातल्या कॅरोलाइन ल रॉय हिच्याशी लग्न केले. हा सगळा क्रम पाहिल्यावर ते चित्र म्हणजे एका स्त्रीने केलेली मागणी होती, हे मानायला काय हरकत आहे? तसे मानण्यात तिचा कमीपणा आहे असे मला वाटत नाही. उलट तिचे धैर्य त्यात दिसते. प्रेमाचा उल्लेख आला की कलावंत स्त्रीचे मोल घटते, असे आपण का धरून चालावे?

---

अबोली

शमी, आपला मुद्दा रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यातून तसा सूर निघाला असेल, तर तो मी दुरुस्त करते. प्रेमाने तिचे मोल घटत नाही. माझी तक्रार पुराव्याच्या वाटणीबद्दल आहे. आपण म्हणता ती 44 पत्रे सगळी त्यांनी तिला लिहिलेली आहेत. तिने त्यांना लिहिलेली पत्रे आपल्याकडे नाहीत. म्हणजे या नात्याबद्दल तिच्या बाजूने बोलणारे जे काही उरले आहे ते शब्दांत नाही, हस्तिदंतावर आहे. अशा वेळी ते चित्र त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून वाचण्याऐवजी तिने स्वतःबद्दल केलेले विधान म्हणून वाचावे, एवढेच मी म्हणते आहे. वेबस्टर यांच्या वंशजांनी ते चित्र दीडशे वर्षे जपले, आणि त्यासोबत साराने त्यांना दिलेले तिचे आणखी एक आत्मचित्रही. त्या दोघांचा विवाह ठरलेला होता, असे घराण्यात सांगत असत. 1981 साली लिलाव होईपर्यंत ‘प्रकट सौंदर्य’ घरातच राहिले, आणि 2006 मध्ये ते मेट्रोपॉलिटनकडे आले.

हे वाचताना मला जाणवले की वेबस्टर यांच्याकडे तिचा चेहराही होता. कोणाही तिऱ्हाइताच्या हाती ‘प्रकट सौंदर्य’ पडले, तर ती कोण हे कळू नये अशी सोय तिने ठेवली होती; ज्याच्याजवळ चेहरा आहे, त्यालाच ते पूर्ण होते. त्या काळी इंग्लंडात प्रिय व्यक्तीचा केवळ एक डोळा रंगवून तो अंगठीत किंवा पदकात बसवून देण्याची पद्धत होती, म्हणजे ओळखणाऱ्यानेच ओळखावे. सारा त्याच रीतीला फार पुढे घेऊन गेली.

कुंचला, आपल्या प्रतिसादाबद्दल विशेष आभार. ‘त्वचा रंगवायची कमी आणि राखायची जास्त’ हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले आहे.

---

खाडीकाठ

धागा वाचनखुणेत साठवला आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

एक म्हणजे हस्तिदंत. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघणारा हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात उतरत असे आणि तिथून पुढे युरोपकडे रवाना होई. या व्यापारात कच्छी आणि गुजराती पेढ्यांचा मोठा हात होता. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातली जहाजेही 1820 नंतर झांझिबारला जाऊ लागली. साराच्या हाताखालचा काप कोणत्या वाटेने आला हे सांगता येणार नाही, पण ज्या पदार्थावर इतके हळुवार चेहरे उमटले तो मिळवण्यासाठी हत्ती मारले जात होते आणि आफ्रिकेतल्या माणसांच्या खांद्यांवरून ते दात किनाऱ्यापर्यंत वाहिले जात होते, हेही त्या चित्रांच्या इतिहासात मांडले पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. साराच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, 1786 साली, डायना हिल नावाची विधवा लघुचित्रकार लंडनहून कलकत्त्याला आली. तिथे तेव्हा ओझायस हम्फ्री हा नावाजलेला लघुचित्रकार काम करीत होता. इंग्लंडमधले सगळे पुरुष चित्रकार बंगालमध्ये उतरले असते तरी चालले असते, पण ही एकटी बाई नको, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. तिने 1788 साली तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि त्यानंतर तिचे व्यवसाय म्हणून चित्र काढणे जवळजवळ थांबले. साराने लग्न केले नाही याबद्दल अबोलीताईंनी एकच वाक्य लिहिले आहे. डायना हिलची हकीकत शेजारी ठेवली की त्या वाक्याचे वजन वाढते.

---

रानपाखरू

या सगळ्यात मला एक साधा प्रश्न पडला आहे. इतकी वर्षे इतके बारीक काम केल्यावर तिच्या डोळ्यांचे काय झाले? माझी आजी भरतकाम करायची आणि साठीच्या आतच तिला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून विचारते.

---

अबोली

रानपाखरू, आपली शंका खरी आहे. 1850 च्या सुमारास दृष्टी अधू झाल्यामुळे साराने चित्रे काढणे थांबवले आणि ती बॉस्टनजवळच्या रीडिंग या गावी राहायला गेली. तोवर छायाचित्रणाची कला येऊन दहा-अकरा वर्षे झाली होती, बॉस्टनमध्ये छायाचित्रकारांची दुकाने थाटली गेली होती आणि लॉकेटमधला रंगवलेला चेहरा मागे पडू लागला होता. म्हणजे तिचे डोळे आणि तिचा व्यवसाय एकाच सुमाराला मिटत आले. वेबस्टर ऑक्टोबर 1852 मध्ये वारले. सारा 25 डिसेंबर 1853 रोजी, नाताळच्या दिवशी, पक्षाघाताने गेली. तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती.

1830 च्या चित्रात तिने सगळ्यात काळजीपूर्वक काय रंगवले असेल, तर ते डोळे. आरशात स्वतःला पाहून चित्र काढणाऱ्याची नजर सतत आरसा आणि हस्तिदंत यांमध्ये ये-जा करीत असते, त्यामुळे अशा चित्रातले डोळे थोडे ताणलेले, काहीतरी मोजत असल्यासारखे दिसतात. तसेच ते इथेही आहेत. मी तो कापलेला कागद अजून टेबलावर ठेवला आहे. कुंचला, त्या कार्यशाळेत आपण ज्या प्लॅस्टिकवर पापणी काढली, ते कुठे मिळते आणि कोणत्या क्रमांकाचा कुंचला वापरला, हे सवडीने कळवाल का?

---

कुंचला

अवश्य. उद्या घरी गेल्यावर तुकड्याचे आणि पापणीचे छायाचित्र इथेच चढवते, शेजारी मोजपट्टी ठेवून. कुंचला शून्याच्याही खालचा, खारीच्या शेपटीच्या केसांचा होता, पण क्रमांकापेक्षा त्याचे टोक पाहून घ्यावे. ओला करून अंगठ्याच्या नखावर टेकवला की एकच केस पुढे यायला हवा.